कापणीच्या सणाला झालेलं बाळ

"...आणि मार्काचं शुभवर्तमान म्हणतात, ते तरी मार्कानंच लिहिलं कशावरून?"

अनुग्रहनं हे विचारलं तेव्हा शांतवनबाबा चर्चच्या पायरीवर बसून लसूण सोलत होते.

बाबा गावच्या चर्चचे जुने पाळक. आता नवे पाळक आलेत, तरी घरात बाप्तिस्मा असला की लोक म्हणतात, पाणी बाबांच्याच हातचं पाहिजे. अनुग्रह लहानपणी त्यांच्याच रविवारच्या शाळेत बसायचा. पुढं तो पुण्याला पाळक व्हायचं शिकायला गेला, वर्गात पहिला आला, आणि आता सुट्टीला आला तो डोक्यात भलतंच वादळ घेऊन.

त्या दिवशी त्याच्याच लेकीचा बाप्तिस्मा होता.

पाहुणे जमले होते. चर्चच्या मागं चुलीवर रस्सा उकळत होता. आणि बाप म्हणून त्याला सगळ्यांसमोर उभं राहून हो म्हणायचं होतं, की येशूच्या या शुभवर्तमानावर माझा विश्वास आहे आणि मी माझ्या लेकीला यातच वाढवीन.

ते हो काही त्याच्या तोंडून निघेना.

त्याची बायको एस्तेर बाळाला घेऊन दारात उभी होती. रात्रीपासून तिच्या पोटात घास नव्हता. बाळाला ऊन लागतंय का, वारा लागतोय का, आणि बाप ऐनवेळी नाही म्हणतोय का, असे तिचे तिन्ही घोर एकदम चालले होते. सकाळीच ती नवऱ्याला म्हणाली होती की तुमचा शोध संपेपर्यंत पोरगी शाळेत जायला लागेल.

बाबा म्हणाले, "बोल. ऐकतोय मी."

मग अनुग्रहनं सगळं सांगून टाकलं. येशूनंतर चाळीसएक वर्षं कुणी शुभवर्तमान लिहून काढलं नाही, असं शिकलेली माणसं म्हणतात. आधी मार्काचं झालं. मत्तय आणि लूक यांनी त्याचं पाहून पुष्कळ घेतलं. योहानाचं तर सगळ्यांच्या मागून आलं. लिहिणाऱ्यांनी आपली नावंसुद्धा घातली नव्हती, ती नंतर लागली. बरं, चौघांचं एकमेकांशी जमतही नाही. येशूच्या रिकाम्या कबरेपाशी एक म्हणतो तरुण होता, एक म्हणतो देवदूत होता, बाकीचे दोघं म्हणतात एक नव्हे, दोन होते.

एवढं बोलून तो थांबला. त्याला वाटलं, बाबा आता चिडतील.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

...

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीही तिथंच शिकलो रे. तुझ्या आधी."

"मग आम्हाला कधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही कधी विचारलंत? खाऊ कधी मिळणार, एवढंच विचारायचात."

दारात एस्तेरला हसू आलं. अनुग्रहला नाही आलं.

तो खाली बसला. आवाज बारीक झाला त्याचा.

"ज्यांनी पाहिलं त्यांनी लिहिलं नाही, बाबा. आणि ज्यांनी लिहिलं त्यांनी पाहिलं नसेल. उद्या माझी लेक मला विचारेल. तिला मी खोटं सांगणार नाही."

बाबांनी फुंकर मारून टरफलं उडवली. लसणाची पाटी त्याच्या हातात दिली.

"चल. हे आधी मागं देऊन येऊ."

मागं चुलीपाशी बायका भाकरी थापत होत्या. मार्थाकाकू, शेवंतामावशी, आणि अनुग्रहची आई सगुणाबाई. नातीचा बाप्तिस्मा म्हणून सगुणाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि त्याच लुगड्यात त्या पिठात बसल्या होत्या.

बाबा दगडावर टेकले. "मार्था, हा अनुग्रह जन्मला त्या दिवशीचं सांग बघू."

"आत्ता? भाकरी करपेल की."

"करपू दे एखादी."

मार्थाकाकूंना तेवढंच हवं होतं. त्यांनी सांगितलं की कापणीचा सण होता. त्या सणाला लोक नव्या पिकातलं पहिलं काहीबाही चर्चला आणतात आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव करतात. तर एका भल्यामोठ्या भोपळ्याची बोली चालली होती, आणि सगुणाला तिथंच कळा आल्या. घरी न्यायला वेळच नव्हता. चर्चच्या मागच्या खोलीत नेली. बाळाला गुंडाळायला काही मिळेना, तेव्हा बाबांनी अंगातला पांढरा झगा काढून दिला.

शेवंतामावशी म्हणाली, भोपळा कुठला, कोंबडा होता. तो हातातून सुटला, सगळे पुरुष त्याच्यामागं धावले, आणि ते परत येतात तोवर हे पोरगं झालंसुद्धा. झग्याचं मात्र खरं.

मार्थाकाकू म्हणाल्या, "तुला गं काय ठाऊक? तू तर बाजाराला गेली होतीस."

मावशी म्हणाली की गेले होते, पण आले तेव्हा घरोघर तेच चाललं होतं, ऐकून ऐकून मला तिथं असल्यासारखंच झालंय.

इतका वेळ अनुग्रह हाताची घडी घालून उभा होता. पण आता त्याला राहवेना.

"झगा नव्हता, मावशी. व्यासपीठावरचं कापड होतं. लाल मखमलीचं. आणि भोपळाच होता. कोंबडा आदल्या वर्षी सुटला होता."

भाकरीवरचे हात थांबले.

बाबांनी विचारलं, "तू पाहिलंस?"

...

अनुग्रहचे कान लाल झाले. तो म्हणाला, "मी कसा पाहणार? पण आईनं सांगितलंय. लहानपणापासून सांगत आलीय. तिच्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार?"

सगळ्यांनी सगुणाबाईंकडं पाहिलं.

सगुणाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"मला काय विचारता? मी कळा देत होते. तेव्हा भोपळा बघू का कोंबडा बघू?"

मार्थाकाकू इतक्या हसल्या की परातीला हात लागून पीठ सांडलं.

"पण आई, ते लाल कापड..."

"ते मला तुझ्या आजीनं सांगितलं, मी तुला सांगितलं. माझे डोळे मिटलेले होते रे बाबा. तू रडलास, तेवढं ऐकलं. मग मीपण रडले."

अनुग्रह बाबांकडं वळला. म्हणाला, तुम्ही तर होतात, तुम्ही सांगा.

बाबा म्हणाले की लिलाव मीच करत होतो, पण काय विकत होतो ते आता आठवत नाही. झगा खिडकीतून दिला, एवढं नक्की. बायकांनी आत येऊ दिलं नाही. त्यात तुला गुंडाळलं की त्यानं फरशी पुसली, ते देवाला ठाऊक. "रडणं ऐकू आलं आणि मी बोली थांबवली. ती पुन्हा सुरूच झाली नाही. लोक नाचायला लागले."

"ते खरं," शेवंतामावशी म्हणाली.

"ते खरं," मार्थाकाकू म्हणाल्या.

आता अनुग्रहलाही हसू आलं. आधी ओठात, मग पोटातून. आईजवळ खाली बसून तो डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. सगुणाबाईंनी पिठाच्याच हातानं त्याचं तोंड पुसलं, त्यानं ते पांढरंच झालं.

मग त्यानं डोळे पुसले.

"पण बाबा... माझ्या जन्माच्या गोष्टीला कुणाला हो म्हणावं लागत नाही. येशूच्या गोष्टीसाठी माणसांनी जीव दिला."

बाबांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. रस्सा उकळत होता...

"हो," ते म्हणाले. "ती गोष्ट मोठी आहे. लेकीला सगळं सांग. कधी लिहिलं, कुणी लिहिलं, कुठं जमत नाही, तेही सांग. हो म्हटल्यावर विचारायचं नाही, असं मी तुला कधी शिकवलं का?"

"नाही."

तेवढ्यात घंटा झाली. एस्तेर घाईघाईनं मागं आली. नवऱ्याच्या तोंडाला पीठ, सासूचे डोळे ओले, काकू फतकल मारून बसलेल्या. तिला काही कळेना, तशी ती जास्तच घाबरली.

"अहो, सगळे आत बसलेत. येताय, का मी एकटीनंच उभं राहायचं?"

अनुग्रह उठला. त्यानं हात पुढं केले.

एस्तेरनं एकदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मग बाळ त्याच्याकडं दिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

तो लेकीला छातीशी धरून चालायला लागला. बाबा मागून, गुडघ्यावर हात ठेवत. दाराशी आल्यावर तो वळला.

"एवढं एकच सांगा, बाबा. मग त्या दिवशी खरं काय झालं होतं?"

बाबांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग त्याच्या हातातल्या लेकीला.

"चांगला धडधाकट उभा आहेस की... आणि मलाच विचारतोस?"