कुलूपबंद हंडी

"ऐंशी रुपये? टाक पेटीत!" राजा तुंगराव गरजला.

ते ऐंशी रुपये गोजराचे. मुदपाकखान्यात चार वर्षं कांदे चिरून, डोळे सुजवून तिने ते साठवलेले. पुढच्या महिन्यात जत्रेत स्वतःची कढई मांडायची होती, भज्यांची! आणि हे मधेच निघालं.

पेटी होती मेघराजशेटची. सात कुलपं, सातही किल्ल्या शेटच्या कमरेला. लोकांनी टाकलेला निम्मा पैसा शेट पाऊस पडेल यावर पैजेला लावायचा, निम्मा पडणार नाही यावर. कधी निम्मा राजाच्या मिशा वाढतील यावर, निम्मा गळतील यावर. म्हणजे काहीही झालं तरी शेट म्हणणार, "बघा, मी म्हटलंच होतं!" राजा या पेटीवर असा खूश, की जो दिसेल त्याला पैसे टाकायला लावायचा. परवा तर हत्तीलाच विचारत होता, "तुझं काही आहे का रे साठवलेलं?"

"शेटजी, नियम काय?" गोजराने विचारलं.

"पाच वर्षं उघडायची नाही. आत डोकवायचं नाही. नफा होवो न होवो, शंभरामागे दोन रुपये दरसाल माझे. नफा झाला तर त्यातला पाचवा हिस्साही माझा. आहे काय त्यात?"

"महाराज, मला नाही जमायचं."

"का नाही जमायचं?" राजा हट्टाला पेटला. "दुपारच्या जेवणापर्यंत मला पटवून दे. पण पेटीला नावं ठेवायची नाहीत! एक जरी वाकडा शब्द गेला, तर पैसे आत!"

शेट पोट धरून हसला. नावं न ठेवता नको कसं म्हणणार? पोरगी गुपचूप मुदपाकखान्यात गेली.

दुपारी राजा पाटावर बसला. समोर चांदीचं ताट, ताटात एकच हंडी. हंडीला सात कुलपं!

"हे काय गं?"

"जेवण, महाराज! निम्मा गोड शिरा, निम्मी कारल्याची खीर. एक बिघडलं तर दुसरं आहेच."

"कारल्याची खीर? बरं, उघड!"

"परवा."

"परवा?"

"आत डोकवायचंही नाही. शिजो न शिजो, दोन पळ्या माझ्या. चांगलं झालं तर उरलेल्यातला पाचवा हिस्साही माझाच."

राजाने हंडी हुंगली, हलवली, शेवटी दातांनी एक कुलूप चावून बघितलं. दाढ हलली, कुलूप नाही!

"मग बाकीचं वाढ!"

"बाकीचं काहीच नाही."

"वेडी का खुळी तू?" राजा उसळला. "रोज माझ्या ताटात बावीस पदार्थ असतात! त्यातली एखादी हंडी बंद असती, तर मी मिशीला पीळ देत परवापर्यंत मजेत थांबलो असतो. पण एकच हंडी, आणि तीही बंद? मी काय खाऊ, ताट?"

"तेच तर म्हणते, महाराज!" गोजराने पदर खोचला. "तुमच्या ताटात बावीस पदार्थ, म्हणून पेटी तुम्हाला शोभते. माझ्या ताटात एकच भाकरी, जत्रेत भज्यांची कढई मांडायचे हे ऐंशी रुपये. तिला पाच वर्षं कुलूप लावलं तर मी काय चावू? किल्ली? तीपण शेटजींच्या कमरेला!"

"नावं ठेवली! नावं ठेवली!" शेट नाचायलाच लागला.

"कुठे ठेवली? 'शोभते' म्हणाली ती!" राजाला आधी उचकी लागली, मग हसू फुटलं. हसता हसता पगडी आमटीच्या पातेल्यात जायची, पण आज आमटीच नव्हती! "पोरी, तुझे पैसे तुझ्याकडेच. आणि जत्रेत देवळासमोरची जागा तुझ्या कढईला दिली, जन्मभर जकात माफ! शेटजी, तुम्ही बसा इथे. ही हंडी तुमची. परवा उघडेल!"