दार गेलेला खांब

"मग मोबाइल काय खोटं बोलतोय, बाबा?"

दिघ्यांनी विचारलं तेव्हा शेखूफकीर चिंचेखाली सुपारी कातरत बसला होता.

सरदारांची हवेली केव्हाच गेली होती. चिरे लोकांनी घरं बांधायला नेले, कड्या-कोयंडेही सोडले नाहीत. बाग तेवढी राहिली, आणि बागेत हा फकीर. हवेलीच्या दाराचा एक जाडजूड खांब मात्र कुणाच्यानंच हलला नाही. दार गेलं, तरी तो आपला उभाच.

दिघे जन्मभर सरकारी मोजणीदार. दुसऱ्याची चूक बोटभर असली तरी सांगून मोकळे होणारे. सकाळपासून बागभर हिंडून त्यांनी बकुळीच्या ढोल्या चाचपल्या, दगड उलटे केले, हातात काटे भरून घेतले आणि आता थकून फकिराशेजारी टेकले होते.

"काय हरवलं, बेटा?"

"हरवलं नाही, खेळ आहे. एकानं डबा लपवायचा, जागेचे आकडे मोबाइलवर टाकायचे, दुसऱ्यानं शोधायचा. माझ्या शाल्मलीला भारी नाद याचा. दोन वर्षं पोरगी माझ्याशी बोललेली नाही. काल एकदम या बागेचे आकडे आले. खाली एवढंच... अप्पा, शोधा."

"बोलत का नाही?"

"धंदा बुडाला तिचा. रडत घरी आली. मी म्हणालो, सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस?"

"अर्थात!"

फकिरानं मान डोलावली. बिचारा बरोबर होता. बरोबर असून एकटा होता.

"लपवणाऱ्याला काय हवं असतं, बेटा?"

"सापडू नये."

"मग आकडे कशाला धाडले?"

दिघ्यांनी मोबाइलवरचे आकडे पुन्हा पाहिले.

"लहानपणी कुठं लपायची?"

"दाराआड. रोज त्याच दाराआड! फळीखालून पाय दिसायचे." दिघ्यांना हसू आलं. "मी खुर्चीतूनच सांगायचो, बाहेर ये, पाय दिसताहेत."

"उठायचा नाहीस?"

"दिसतच होते की. उठायचं कशाला?"

"मग?"

"मग... लपायची बंद झाली."

आपण काय बोलून गेलो, ते दिघ्यांना आत्ता ऐकू आलं.

"डबा ठेवलाय, असं लिहिलंय तिनं?"

"...नाही."

फकिरानं अडकित्ता खाली ठेवला. दिघ्यांच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि गवतावर पालथा घातला. मग नुसतं खांबाकडे पाहिलं.

दिघ्यांनीही पाहिलं.

खांबाच्या बुडाशी, गवतात, दोन चपला दिसत होत्या. चपलांत पाय होते.

दिघे ताडकन उठले. सवयीनं तोंड उघडलं.

फकिरानं चटकन उठून त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि कानाशी हळूच म्हणाला,

"लगेच नको, बेटा. थोडं शोध."