आडवी दीपमाळ

देवळासमोरचा हा रिकामा चौथरा बघितलात? येणारा प्रत्येक जण विचारतो, गुरवबाबा, इथली दीपमाळ कुठं गेली? चोरीला गेली, की वीज पडली? काही नाही झालेलं. ती इथं कधी आलीच नाही. तिच्यासाठी बांधलेला चौथरा तेवढा आहे, आणि त्याच्यावर आम्ही कुणाला बूड टेकू देत नाही. अहो दादा, तुम्हीच! उठा तिथून. हां, असे इकडं पायरीवर या. तुमची गाडी दुरुस्त व्हायला दिवस मावळेल म्हणतात, तर घाई करून उपयोग नाही. ऐका.

फार मागची गोष्ट. खालच्या वाडीत हैबती नावाचा पाथरवट राहायचा. हाताला असा गुण, की लोक लांबून त्याच्याकडं जाती आणि उखळं घडवून न्यायचे. पण घरात पाळणा हलेना. बायकोची, ठकूची, दोन बाळं बारशाआधीच गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा हैबती घाबरला आणि इथं येऊन भैरोबाला नवस बोलला, "देवा, एवढं मूल जगव. ते जन्मायच्या आधी, येत्या त्रिपुरी पुनवेला, तुझ्या दारात अखंड दगडाची दीपमाळ उभी करीन." आता 'अखंड' म्हण असं देवानं काही त्याला सांगितलं नव्हतं. पण धास्तावलेला माणूस बोलताना हात आखडता घेत नाही.

बिचाऱ्यानं काम मात्र जीव ओतून केलं. पावसाळाभर त्याची छिन्नी वाजत होती म्हणे. उंचच उंच खांब, आणि त्याला सगळीकडून दिव्यांसाठी काढलेले दगडी हात. चौथराही बांधून तयार झाला. पुनव चार दिवसांवर आली तेव्हा गावानं बैल जुंपले, दगडाखाली ओंडके सरकवले, आणि 'भैरोबाच्या नावानं चांगभलं!' म्हणत खांब चढणीला लागला.

ओढ्यावरच्या वळणाला दोर तुटला. खांब घरंगळत गेला आणि ओढ्याच्या घळीवर आडवा पडला. बूड या काठावर, शेंडा त्या काठावर, मध्ये खाली पाणी. देवाची कृपा, ना माणसाला ना बैलाला खरचटलंसुद्धा. पण खांब वर काढायचा तर बैलांना पाय रोवायला जागा नव्हती.

हैबती तिथंच मटकन बसला. दगड गेला म्हणून नव्हे. देवानं नवस झिडकारला, म्हणजे आता लेकरूही राहत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

गावातल्या शहाण्यांनी तोड काढली. खांब फोडायचा, तुकडे वर न्यायचे आणि एकावर एक रचायचे. अशा रचलेल्या दीपमाळा काय कमी आहेत? हैबतीला पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घण घेऊन ओढ्यावर गेला. घण उचलणार, तेवढ्यात ठकू न्याहारी घेऊन आली. तिला नववा लागला होता.

"अवो, काय करताय?"

"दिसत न्हाई? फोडतोय."

"अखंड म्हणून बोलला होता ना?"

"अखंड ठेवला तर पुनवेला उभा राहत न्हाई. उभा केला तर अखंड राहत न्हाई. कुठला शब्द मोडू, ते तूच सांग!"

"दोर तुम्ही तोडला का?"

"म्या कशाला तोडू?"

"मग झालं की. आपल्या हातचं होतं ते आपण केलं. आता त्याचं त्याला करू द्या."

"आन् पोराला काही झालं तर?" हैबती ओरडला.

ठकूनं न्याहारीचं गाठोडं खाली ठेवलं. भीती तिला नव्हती असं नाही. दोन लेकरं तिच्याच मांडीवर गेली होती. ती म्हणाली, "घणानं पोर जगणार असंल तर फोडा. जगवणारा तो असंल, तर घण खाली ठेवा."

हैबतीनं घण भिरकावून दिला. पटलं म्हणून नव्हे, चिडून. देवाला त्यानं चार शिव्याही हासडल्या असं सांगतात. देव जुना आहे, त्यानं आधीही पुष्कळ ऐकल्या असतील. मग तो घरी गेला आणि तोंड फिरवून पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अवचित आभाळ भरून आलं. कार्तिकात असा पाऊस कुणी पाहिला नव्हता. बघता बघता ओढा दोन्ही थड्या भरून धावायला लागला आणि पलीकडं जायचा उतार पाण्याखाली गेला. नेमक्या त्याच वेळी ठकूला कळा सुरू झाल्या, आणि मूल पायाळू आहे हे बायकांच्या ध्यानात आलं. असं बाळंतपण हातावेगळं करणारी पंचक्रोशीत एकच सुईण, चांगुणा. ती राहायची ओढ्यापलीकडं.

हैबती काठावर धावला आणि पलीकडच्या घरांकडं तोंड करून घसा फुटेस्तोवर ओरडला. चांगुणा बाहेर आली. तिनं पाणी बघितलं, मग खांब बघितला. लुगड्याचा काचा मारला आणि सरळ त्या दगडावर बैठक मारून पुढं सरकायला लागली. खाली पाणी उसळतंय, आणि म्हातारी एकेक दगडी हात धरत येतेय! दिव्यांसाठी काढलेले हात, पण त्यांनी तिला सोडलं नाही.

"बघत काय उभा राहिलास मुडद्या, हात दे!" या काठाला लागताच ती खेकसली. मग मागं वळून तिनं खांबाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. "हा कुनी हितं आडवा घातला रं? त्याचं घर भरू दे!"

हैबती तिथंच हमसून हमसून रडला. दिवस मावळायच्या आत त्याच्या घरातून तान्ह्याचा टाहो ऐकू आला. मुलगी झाली. आई आणि लेक, दोघी सुखरूप.

तरी नवस राहिलाच होता. पुनवेला हैबती देवळाशी आला, सोयर होतं म्हणून पायरीखालीच थांबला, आणि तेव्हाच्या गुरवानं भैरोबाला कौल लावला. दोन बाजूंना दोन फुलं चिकटवली, उजवं पडलं तर देवाचा होकार, आणि विचारलं, दीपमाळ वर आणायची का? फूल हलेना. फोडून आणायची का? हलेना. नवी घडवायची का? तरी हलेना. गुरव कावला आणि म्हणाला, "मग काय, तू खाली जातोस?"

तसं उजवं फूल टपकन खाली पडलं.

आजही दर त्रिपुरीला भैरोबाची पालखी देऊळ सोडून ओढ्यावर उतरते आणि आडव्या दीपमाळेवर दगडी हातांच्या आडोशानं दिवे लागतात. पहिला दिवा दिवस भरत आलेली बाई लावते. आजही कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणाचं पीक गेलं, की आमच्याकडची म्हातारी माणसं जवळ बसून म्हणतात, "पडू दे आडवं. कोण त्यावरून येतंय ते बघू."

आज त्रिपुरीच आहे. आमचा एक भोई तापानं पडलाय, पालखीला खांदा कमी पडतोय, म्हणून सकाळपासून माझा जीव टांगणीला लागला होता. तर ते मघाशी चौथऱ्यावर बसलेले दादा, चपला काढा आणि या असे पुढं.