कोमट पाणी

"...मग देव दयाळू आहे, हे पाहिलं कोणी?"

नीळकंठ टेंब्यांचा हा चौथा प्रश्न. पहिल्या तीन प्रश्नांना धोंडबुवांनी उत्तर दिलं नव्हतं.

टेंब्यांनी तेहेतीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. गाव त्यांना प्राध्यापक न म्हणता मास्तर म्हणे, हे दुःख त्यांनी पचवलं होतं. त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस गावात नव्हता. वाद घालणारंही फारसं कोणी उरलं नव्हतं.

लेक मृणाल तेवढी घालायची. चौदा महिने अंथरुणाला खिळून ती चैत्रात गेली. वय चौतीस. बायको नऊ वर्षांपूर्वीच गेली होती.

बुवांच्या नदीकाठच्या मठात एक चाल होती. ज्या घरात मागे पूजा करणारं कोणी उरत नाही, त्या घरचे देव तिथे आणून ठेवत. भिंतीलगतच्या लांब फळीवर बंद पडलेली तीसेक घरं ओळीने बसली होती. बुवा रोज सगळ्यांना आंघोळ घालत.

टेंबे मांडीवर पितळी डबा घेऊन बसले होते.

चौदा महिन्यांत एक दिवस पूजा चुकली नाही, असं त्यांनी सांगितलं. मागणं एकच होतं, तेही मोठं नव्हतं.

"म्हणजे एक तर त्याला ऐकू येत नाही. किंवा ऐकू येतं आणि तो करत नाही. तिसरा पर्याय असेल तर सांगा."

"मला हे दोनच जड जातात," बुवा म्हणाले.

टेंब्यांना हसू आलं नाही. त्यांनी डबा पुढे सरकवला.

"ठेवून घ्या यांना. मी मोकळा होतो."

"मोकळे होऊन कुठे?"

टेंब्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

बुवांनी मग इकडचंतिकडचं विचारलं. तुळस शेजारच्या परांजप्यांच्या अंगणात पोचली होती. दूधवाल्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगून झालं होतं. घराची किल्लीही परांजप्यांकडेच होती.

"गावाला निघालात?"

"नाही."

"मग?"

"उद्या उठायचं कशाला, याचं कारण सापडत नाही, बुवा. आठ दिवस शोधतोय."

हेही त्यांनी वर्गात शिकवल्यासारखंच सांगितलं.

बुवांनी डबा ओढून घेतला. त्यांना तरुणपणी महारोग झाला होता. औषधाने रोग गेला, पण जाताना बोटांची पेरं आणि हातांची जाण घेऊन गेला. चुलीवरचं भांडं ते उघड्या हाताने उतरवत. भाविक त्याला सिद्धी म्हणत. बुवा त्याला भाजणं म्हणत.

डब्यात प्रत्येक देव जुन्या साडीच्या मऊ तुकड्यात वेगळा गुंडाळलेला होता. एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मधे कापूस.

बुवांनी त्या थोट्या बोटांनी रांगता बाळकृष्ण उचलला. तो घसरला, तसे टेंब्यांचे दोन्ही हात खाली येऊन थांबले.

"सांभाळून. डावा गुडघा झिजलाय त्याचा."

"आंघोळ?"

"रोज. पण पाणी कोमट हवं. नदीचं गार पाणी एकदम घालू नका."

"पितळेला?"

"लहान आहे तो."

टेंबे बोलून गेले, आणि मग त्यांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं.

"...आमची मृणाल म्हणायची तसं," त्यांनी घाईने जोडलं.

बुवांनी बाळकृष्ण उजेडात धरला. थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, थोडा वेळ टेंब्यांकडे.

"ऐकून न ऐकल्यासारखं करणारा, तो हाच ना?"

"हाच."

"तर्कात बसत नाही, मास्तर."

"नाही बसत."

टेंबे साडीच्या तुकड्याची घडी घालू लागले. घालून झाली. उलगडून पुन्हा घातली...

"बुवा, तुम्हाला तरी कधी जाणवतो का हो त्याचा चांगुलपणा?"

"नाही."

उत्तर इतकं चटकन आलं, की टेंबे पुढचा प्रश्न विसरले. असं त्यांचं कधी झालं नव्हतं.

बुवा उठले. बाळकृष्णाला त्यांनी फळीच्या शेवटी बसवलं. मग चुलीशेजारच्या घंगाळात हात बुडवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं, तसे ते त्याच्याकडे बघत होते.

"पाणी कोमट असेल, मास्तर," ते म्हणाले. "माझ्या हाताला कळत नाही, एवढंच. सकाळी येऊन बोट घालून सांगत जा."