उंडीआळीतल्या वाकड्या चांदण्या

तुम्ही आत येताना वर पाहिलंत की नाही, ठाऊक नाही. आमच्या उंडीआळीत नाताळच्या दिवसांत प्रत्येक दारावर दोन चांदण्या टांगलेल्या असतात. एक कागदाची, आत दिवा असलेली, सगळीकडे असते तशी. तिच्याखाली दुसरी, माडाच्या पातीची, वाळून तपकिरी झालेली, पाचही टोकं आत वळलेली. पाहुण्यांना वाटतं, गेल्या वर्षीची काढायची राहून गेली. मागे एका बाईंनी हात उंचावून आमच्या दारावरची काढायलाच घेतली होती. मी आतून अशी ओरडले की त्या बिचाऱ्या पायरीवरच बसल्या. पण त्या पातीच्या चांदणीला हात लावायचा नसतो. ती यंदाचीच असते आणि घरची नसते. ती मागून आणलेली असते. का, ते सांगते. मी जसं ऐकलं तसं.

त्या काळी आळीला स्वतःचं देऊळ नव्हतं, असं सांगतात. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. होती ती बाळ येशूची एक लाकडी मूर्ती, वीतभर लांब. कोरणाऱ्याने तिची पाठ सपाट करायची सोडून दिली होती म्हणे, त्यामुळे ती गोलच राहिली. नाताळच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, आळीतली सगळ्यांत वयस्क बाई ती मूर्ती कापडात गुंडाळून घरोघर नेई. ज्या घराची सजावट तिच्या मनात भरेल तिथे बाळ उतरे, आणि तीन राजांच्या सणापर्यंत, बारा दिवस, तिथेच राही. बाळ जिथे, आळी तिथे. गाणी तिथे, जेवणं तिथे, भांडणं आणि समेटसुद्धा तिथेच.

सात वर्षं ते घर कातरीनचं होतं. त्या बावखलापलीकडे, म्हणजे तळ्यापलीकडे, उंडीच्या झाडाखाली जे दगडी जोतं दिसतंय ना, तिथे ते उभं होतं. कातरीनचा नवरा होडीबरोबर गेला तो परतला नाही. मूलबाळ नव्हतं. वर्षभर तिच्या घरात तिच्याच भांड्यांचा आवाज. पण पावसाळा सरला की ती दर शुक्रवारी किनाऱ्यावर जाई आणि शिंपले, कवड्या, लाटांनी गुळगुळीत केलेल्या काचा वेचून आणी. वाडीतून गुंजा, पडलेली सुगरणीची घरटी. त्या सगळ्याने ती भिंती मढवायची. दारापाशी येणारी प्रत्येक बाई थबकून ‘अगोबाई!’ म्हणे. त्या एका शब्दावर आणि त्या बारा दिवसांवर कातरीनचं उरलेलं वर्ष निघायचं.

आठव्या वर्षी तिचा धाकटा दीर बायकोला घेऊन परत आला. सिसील तिचं नाव. डोंगराकडची पोर; माड तिने सासरी येऊनच पाहिलेला. बरोबर दोन लेकरं, शिवाय इतकी वर्षं वेगळी राहणारी सासूही त्यांच्यातच राहायला गेली. दोन्ही घरांमध्ये नुसता काटक्यांचा एक कूड होता. त्यातून हसणं ऐकू येई, मुलांचं रडणं ऐकू येई, सासूचं ‘सिसील, हे बघ’ ऐकू येई. कातरीनला सासूने सात वर्षांत कधी काही बघायला बोलावलं नव्हतं.

आणि सिसीलच्या हातांत कसब होतं. कांद्याच्या सालांची फुलं, केळीच्या खोडाच्या सोपाची मेंढरं, करवंटीचे तीन राजे. तिच्या दाराशी बायका थबकू लागल्या. एका सकाळी कुडापलीकडून तो शब्द आला. ‘अगोबाई!’ कातरीन तेव्हा शिंपला घासत होती. तो तिच्या बोटांत मोडला, असं सांगतात.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांतल्या, दुसऱ्या रविवारी सिसील तिच्या दारात आली. हातात हिरव्या पातींची जुडी.

“जाऊबाय, चांदण्या विणायच्यात. कधी विणू?”

इथलं शेंबडं पोरही सांगेल की ओल्या पातीची चांदणी आदल्या दिवशी विणायची. आधी विणली तर ती वाळते, आकसते, मुठीसारखी मिटते. कातरीनला हे ठाऊक होतं. तिने मान वर न करता सांगितलं, “आजच वीण. लवकर विणलेली पात घट्ट बसते.”

एवढंच वाक्य. सिसील आभार मानून गेली आणि संध्याकाळपर्यंत तिने चाळीस चांदण्या विणल्या.

पुढचे दिवस कातरीनने कुडाच्या फटीला डोळा लावून काढले. तिसऱ्या दिवशी टोकं उचलली. सहाव्या दिवशी रंग उतरला. सिसील पाणी शिंपडायची, दगडाखाली दाबायची, आणि सकाळी त्या पुन्हा वळलेल्याच. एकदा ती पदर तोंडात धरून रडली. तेही कातरीनने पाहिलं. आपल्याला वाईट वाटेल, असं तिला वाटलं होतं. त्या दिवशी ती चार घास जास्त जेवली.

नाताळच्या आदल्या दिवशी मूर्ती घेऊन मारतमावशी निघाली, मागून सगळी आळी. मारतमावशीची दृष्टी अधू, जीभ मात्र धारदार. सिसीलच्या दारात ती थांबली, वर पाहिलं, आणखी वर पाहिलं.

“काय गो सिसील, चांदण्या म्हणायच्या की खेकडे?”

सगळे हसले. सिसीलही हसली म्हणतात, पण तिचे कान लाल झाले होते. बाळ पुढे गेलं आणि कातरीनच्या घरी उतरलं.

तिने शिंपल्यांची शेज केली होती, पांढरीशुभ्र, चकचकीत. मारतमावशीने त्यावर मूर्ती ठेवली. मूर्ती कलली आणि घरंगळली. तिने झेलली, पुन्हा ठेवली. पुन्हा घरंगळली. सात वर्षं बाळ याच घरात पेंढ्यावर निजलं होतं; यंदा डोळे दिपवायचे म्हणून कातरीनने पेंढा काढून टाकला होता. आता साऱ्या घरात मऊ, खोलगट असं काही नव्हतं. जे होतं ते सुंदर आणि टणक. तिसऱ्यांदा मूर्ती जमिनीला लागता लागता वाचली, तेव्हा गाणं थांबलं.

“बाळ ठरत नाही इथे,” कुणीतरी हळूच म्हणालं.

कातरीनने ते ऐकलं. तिच्या डोळ्यांपुढे बारा रिकाम्या संध्याकाळी उभ्या राहिल्या.

तेवढ्यात गर्दीतून सिसील पुढे आली. आपल्या दारावरची एक वाकडी चांदणी तिने काढून आणली होती. “हिच्यात बघा मावशी. खेकडाच आहे, पण धरून ठेवील.”

बाळ त्या वळलेल्या टोकांमध्ये ओंजळीत बसावं तसं बसलं. आणि पाहता पाहता, म्हणे, ती टोकं आणखी जराशी मिटली, कुणी पांघरूण ओढून घ्यावं तशी. वाळलेली पात आपणहून हलत नाही. पण तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं, असं सांगतात.

कातरीनला आता गप्प राहता आलं असतं. बाळ तिच्याच घरात होतं. ती म्हणाली, “ही पात वाऱ्याने नाही वाकली. माझ्या जळण्याने वाकली. मी हिला खोटं सांगितलं. बाळ हिच्याकडे न्या.”

आता तुम्हांला वाटेल, सिसीलने लगेच मिठी मारली. नाही. तिने आधी विचारलं,

“मी रडत होते, ते ऐकू येत होतं?”

“दिसतही होतं. कुडाच्या फटीतून.”

“आणि?”

“आणि बरं वाटत होतं.”

शेवटी सिसील म्हणाली, “बाळ इथेच राहू दे. आमचं घर भरलेलंच आहे. पण पुढल्या वर्षी, दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत माझ्या दारात येऊन वाकडी चांदणी मागायची. मी देईन. पण मागायची.”

वर्ष गेलं. ठरल्या दिवशी कातरीन घरून निघाली. त्या बारा पावलांना तिला अर्धी सकाळ लागली म्हणतात. आणि बावखलाच्या काठाशी, त्या उंडीखालीच, समोरून सिसील येताना दिसली, रिकाम्या हातांनी.

“तू कुठे निघालीस?” कातरीनने विचारलं.

“तुझ्याकडे. मलाही एक मागायचीय.” मग खाली बघून ती म्हणाली, “तुझ्या घरातली शांतता मला रोज फटीतून दिसते. कुणी हाक मारत नाही तुला. मी जळते गो.”

आजही आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी आळीतली प्रत्येक बाई एक चांदणी विणून माळ्यावर वाळत टाकते. वर्षभरात जिच्या घराचा हेवा वाटला तिच्या दारी जायचं, उजेडी जायचं, आणि ‘वाकडी दे’ एवढंच म्हणायचं. देणारीने नाही म्हणायचं नाही आणि कारण विचारायचं नाही. आपलं देऊळ झाल्यापासून बाळ घरोघर जात नाही. पण बारा संध्याकाळी जेवणं होतात ती कातरीनच्या जोत्यावरच. तिथे कुणाचंच घर नाही, म्हणून ते रिकामं ठेवत नाहीत.

मी यंदा विणली नव्हती. मी आणि आई, आमच्याकडे कोण मागायला येणार, असं वाटलं. दारावर आहे ती समोरच्या रेमेतीनकडची. तिचं काय काय माझ्या डोळ्यांत खुपतं ते सांगत नाही. पण परवा दुपारी दार वाजलं आणि मी नेहमीसारखी दचकले. शेवटच्या घरातली नवी सून उभी होती. तिच्याशी मी कधी धड बोललेही नव्हते.

“वाकडी दे,” ती म्हणाली.

मी आत वळून पाहिलं. आईने माळ्यावरून एक काढून तिच्या हातात दिली. आईने दोन विणल्या होत्या.

ती गेली. कारण विचारायचं नसतं. मी मात्र पायरी उतरून अंगणात आले आणि कितीतरी वेळ आमच्याच घराकडे बघत उभी राहिले.