बामायची टांगलेली माती

दरवर्षी शिंकी टांगायच्या दिवशी मलाच ओट्यावर बसवता, आणि मी बोलायला लागलो की निम्मे जण मोबाइलात तोंड घालता. एकदाच सांगीन. मध्ये कुणी खोकायचं नाही.

फार वर्षांपूर्वी आपल्या शेलखारात बामाय राहायची. कपाळ पांढरं झालेली बाई, आणि एकच लेक, रंगू. रंगूचं पहिलं बाळ पोटातच गेलं आणि तिनं माहेरी येऊन अंथरूण धरलं. काही खाल्लं तरी पोटात ठरेना. एकच म्हणायची, "आये, टंबाट्याचं सार दे." बामायच्या परसात टंबाट्याची रोपं होती, फुलावर आलेली.

तेवढ्यात कार्तिकातल्या पुनवेला उधाण आलं आणि खारबांधाला खांड पडली. समुद्र शेतात घुसला. खांड बुजवायला शहाण्या माणसानं माती डोंगराकडून आणावी. पण डोंगर लांब, परस जवळ. मग आपल्या गावानं घरोघरच्या परसातली गोडी माती खणली आणि खांडीत ओतली. समुद्रानं ती खाल्ली, ढेकरही दिला नाही.

बामायनंही परस दिला. फक्त एक रोप मातीसकट टोपलीत उचललं आणि शिंक्यात घालून वळचणीला टांगलं.

पाटील दारात आला. "बामाय, ती टोपली काढ."

"नाय काढत. लेकीच्या तोंडाची हाय."

"गाव बुडतंय नि तू माती टांगतेस?"

"सगला परस नेलास ना? त्यानं बुजली का खांड? मग या टोपलीनं काय बुजणार, तुझं तोंड?"

खांड बुजली नाहीच. पण खापर फोडायला गावाला डोकं लागतं. एका टोपलीपायी गाव बुडालं असं ठरलं, आणि बामायला वाळीत टाकलं. विहिरी खाऱ्या झालेल्या. प्यायचं पाणी लांबून होडीनं यायचं, ते तिच्या हंड्यात कुणी ओतेना. ती डोंगरावर चालत जाऊन आणायची, तेवढं लेकीच्या घशाला पुरायचं. रोपाला थेंब उरेना.

मग ती शिंकं खाली ओढायची आणि टोपलीवर तोंड धरून रडायची. असं म्हणतात, शेलखारातलं सगळं पाणी खारट झालं तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी गोडं झालं. त्यावर रोप तगलं. एकच फळ धरलं.

रंगू आतून विचारायची, "आये, झालं का गो?"

"उद्या, बाय."

पौषात फळ लाल झालं. बामाय ओरडली, "बाय, झालं गो!" आतून उत्तर आलं नाही.

तिनं ते तोडलं नाही. तिनं अन्नही सोडलं. असं म्हणतात, देठावरच सुकून ते फळ फुटलं त्या दिवशी बामाय गेली, आणि गवताची काडी उगवत नव्हती त्या तिच्या दारात रोपंच रोपं उगवली. ती कुणी नेली? वाळीत टाकणाऱ्यांनीच. लाज असती तर पाणी नसतं का दिलं?

जमीन अजून खारीच आहे. निम्मी घरं बंद पडली. पण उरलेल्या घरांत बामायच्या नावानं शिंकं टांगतात. पहिलं टंबाटं तोडत नाहीत, ते रंगूचं. आणि शिंक्याला पाणी घरच्यानं घालायचं नाही, शेजाऱ्यानं घालायचं.

गेल्या साली माझं रोप उभ्या उभ्या वाळलं. चुकलो म्हणायला अजून दारात आलेला नाही, तो माझा शेजारी, गोमा भोईर.