हद्दीपलीकडचा पाचोळा

फार वर्षांमागे वसईतल्या एका माडाच्या दोन झावळ्या एकाच घरात आल्या. एकीच्या हिरांचा खराटा झाला. दुसरी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आशीर्वाद घेऊन आली आणि भिंतीवरच्या क्रुसामागे बसली.

घरच्या लिओकादियाबाई रोज अंगण झाडत, पण धाकट्या जावेच्या, रोझालिनच्या हद्दीपाशी थांबत. दोघींचं वर्षभर बोलणं नव्हतं.

"तिकडचा पाचोळाही मी काढणारच," खराटा म्हणे.

झावळी हसे. "तू उंबऱ्याबाहेरचा. तुझं कोण ऐकणार?"

"झिजून वीतभर उरलो तरी जाईन."

वर्ष सरत आलं. राखेच्या बुधवारासाठी जुन्या झावळ्या चर्चमध्ये जाळायला न्यायची वेळ आली. खाली काढताना झावळी म्हणाली, "मी तर वर्षभर नुसती बसले रे!"

"मग आता कामाला लाग," खराटा म्हणाला.

बुधवारी बाई कपाळावर त्याच झावळ्यांच्या राखेचा क्रूस घेऊन परतल्या. खराटा उचलून झाडत झाडत हद्दीपाशी आल्या आणि थांबल्या.

"आज थांबायचं नाही," कपाळावरची राख म्हणाली.

खराटा हद्द ओलांडून गेला. आवाज ऐकून रोझालिन दारात आली. तिच्याही कपाळावर तीच राख होती. ती आत गेली, सुपली घेऊन आली आणि खराट्यापुढे वाकून धरली.